टर्बोची प्रॅक्टिकल वही

गाडीचं बोनट उघडण्याआधी सर हात धुवायचे. नंतर नाही, आधी. साबण लावून, नखांत ब्रश फिरवून, पार कोपरापर्यंत. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "घ्या, ऑपरेशनची तयारी चालू झाली." सर म्हणायचे, "हाताची धूळ इंजनात गेली तर दोष कोणाचा, इंजनाचा का हाताचा? ते आधीच मिटवलेलं बरं." काम झाल्यावर मात्र काळेभोर हात ते जुन्या बनियनला पुसायचे आणि तसेच चहाला बसायचे.

जालन्यात मस्तगडला सर आणि त्यांच्या बायको, म्हणजे काकू, यांच्या घरी मी तीन वर्षं भाड्याने राहिले. बी.एस्सी.ची तीन वर्षं. आता एम.एस्सी.साठी दुसऱ्या शहरात वसतिगृहात आहे. इथे कोणी प्रॅक्टिकलच्या वहीचं नाव काढलं की मला आधी सरांची गाडीची वही आठवते, मग माझी. म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी याआधी कोणाविषयी असं लिहिलेलं नाही. क्रम मागेपुढे होईल.

खोली शोधायला वडील आणि मी आष्टीहून सकाळच्या गाडीने आलो होतो. वडील आष्टीच्या बाजारात हमाली करतात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे खोली कशी शोधतात हेही आम्हाला माहीत नव्हतं. चार घरं झाली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा, आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. पाचव्या घरापाशी पोहोचलो तर पोर्चमध्ये एक मोठी पांढरी गाडी आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. वडिलांनी त्या पायांनाच नमस्कार केला.

"खोली आहे म्हणून कळलं," वडील म्हणाले.

"कोणाला पायजे?" गाडीखालून आवाज आला.

"मुलीला. कॉलेजला आहे."

"विषय कोणते?"

मी आडनाव सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. "फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स," मी म्हणाले.

"व्हर्निअर वाचता येतं का?"

"नाही."

"मंग शिकावं लागंल. जिना डाव्या हाताला हाये. खोली बघून घ्या."

वडिलांना राहवेना. ते म्हणाले, "साहेब, आमचं आडनाव..."

"ते पोस्टमनला सांगा," पाय म्हणाले.

सामान लावताना मी बाबासाहेबांचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. संध्याकाळी सर ड्रिल आणि लेव्हलची पट्टी घेऊन वर आले. मी नको म्हणत होते, पट्टी ठेवून त्यांनी चार वेळा बुडबुडा मधोमध आणला. खिळा ठोकून दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "आता बराबर. तिरका लागला असता तर रोज खुपला असता." एवढंच बोलून खाली गेले.

सर म्हणते आहे, पण ते शिक्षक नव्हते. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, निवृत्तीपर्यंत. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे. "मी सर न्हाई, परिचर. सर लोक खुर्चीवर बसायचे. मी उपकरणं मांडायचो." दुरुस्त करून झालं की तो माणूस म्हणायचा, "बरं सर."

गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती. डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मी विचारलेलं नसताना. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून जाड रबरी पाइपातून इंजिनात कोंबतो. जास्त हवा मिळाली की डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. "वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेतलंय," सर म्हणायचे, "ज्यानं हे काढलं त्याच्या घरी काईच फेकून देत नसतील."

त्यांच्याही घरी काही फेकत नसत. बिघडलेल्या इस्त्रीचं हँडल, मोडक्या कूलरचा पंप, प्रयोगशाळेतून बाद झालेली उपकरणं, सगळं जिन्याखाली डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या. एका डब्यावर लिहिलं होतं, "कशाचे आहे ते आठवत नाही, पण चांगले आहे."

गाडी बाहेरून आली की ती ते लगेच बंद करत नसत. टर्बो तापलेला असतो, तेल फिरत राहिलं पाहिजे, म्हणून दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. ती दोन मिनिटं ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत स्टिअरिंगमागे ताठ बसायचे. काकू तोवर उतरून कुलूप काढून चहा टाकायच्या. एकदा पाहुणे आले होते, तेही शिस्तीत दोन मिनिटं गाडीत बसून राहिले. त्यांना वाटलं काही तरी विधी आहे.

आता वहीविषयी. सर गाडीचं प्रत्येक काम प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायचे. लांब वही, एका बाजूला कोरं पान आकृतीसाठी, दुसऱ्या बाजूला रेघा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, खाली सही. मला एक प्रयोग पाठ आहे. "उद्देश: हॉर्न का वाजत नाही ते शोधणे. साहित्य: स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी, बल्ब. निरीक्षण: वायर दोन ठिकाणी कुरतडलेली. अनुमान: उंदीर आहे." त्यानंतर पुढच्या प्रयोगाचा उद्देश उंदीर होता.

वहीत खोडरबर चालत नसे. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर मजकूर आणि सही. "चूक वाचता आली पायजे," ते म्हणायचे, "न्हाई तर पुढच्याला कळत न्हाई आपण कुठून आलो."

या वहीमुळेच मी पहिल्या वर्षी सापडले. लंबकाच्या प्रयोगाचे आकडे मी एका सीनियर मुलीच्या वहीतून उतरवले होते. सगळेच तसं करत होते. सरांनी एकदा सहज म्हणून माझी वही चाळली. एका पानावर थांबले.

"ही तारीख बघ."

मी बघितली. पंधरा ऑगस्ट होती. तीही उतरवली गेली होती.

"झेंडावंदन सोडून लंबक हलवत होतीस का?"

मला रडू येईल असं वाटलं. त्यांनी दोरा आणला, गाडीचा एक जड नट त्याला बांधला आणि जिन्याच्या कठड्याला टांगला. दुपारपर्यंत मी वीस-वीस झोके मोजत बसले. माझं उत्तर पुस्तकातल्यापेक्षा बरंच कमी आलं. मी ओशाळून दाखवलं. "तुझं हाये ना? मंग लिही," ते म्हणाले. कॉलेजात मला त्या प्रयोगाला कमी मार्क मिळाले. मी ते घरी सांगितलं नाही. पण त्यानंतर मी आकडे उतरवले नाहीत.

सरांची आणखी एक खोड होती. गाडीचे सुटे भाग ते शक्यतो गाडीच्या दुकानातून आणत नसत. शेतीच्या दुकानात जात, ठिबक सिंचनाचं सामान मिळतं तिथे. काच धुण्याच्या पाण्याची नळी ठिबकची, बॅटरीखालचा रबर ठिबकचा, कुठलाही जोड असो, तो ठिबकचा. "ठिबकवाल्यांनी सगळ्या गळतीचा विचार करून ठेवलाय," ते म्हणायचे. "सातशे फुटाच्या सरीत एक थेंब वाया जाऊ देत न्हाईत. गाडी काय, चार मीटरची."

मी राहायला गेले त्याच वर्षी गाडीचा टर्बो बदलला होता. हे काम सरांनी स्वतः केलं नव्हतं. मोंढ्याच्या रस्त्याला एक वयस्कर मिस्त्री आहेत, गाडी घेतल्यापासून अवघड कामं त्यांच्याकडेच होत. त्यांनी टर्बो बसवून दिला. सरांना मात्र दुसऱ्याच्या कामाचा पडताळा घ्यायची सवय. टर्बो किती जोराने हवा देतो हे मोजायचं त्यांनी ठरवलं. प्रयोगशाळेतला एक बाद झालेला दाबमापक होता. हवा नेणाऱ्या त्या जाड रबरी पाइपला त्यांनी एक भोक पाडलं, त्यात रबरी वायसर बसवला आणि त्यात ठिबकचा टेकऑफ दाबला. टेकऑफ म्हणजे बोटाएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा. शेतात मोठ्या पाइपमधून बारीक नळी काढायला तो लावतात. त्याला नळी जोडून मापक काचेपाशी बसवला. गाडी चालली की काटा हलायचा आणि सर खूश व्हायचे.

थोड्याच दिवसांत गाडी चढाला काळा धूर सोडायला लागली. ओढही कमी झाली. सरांनी पाइप तपासला, गळत नव्हता. मापक तपासला, काटा हलत होता. मग राहिला टर्बो. वहीत लिहिलं, "अनुमान: मिस्त्रींनी टर्बो योग्य बसवलेला नाही." आणि वही घेऊन, त्याच गाडीने मिस्त्रींकडे गेले. तिथे गिऱ्हाइकांसमोर त्यांनी ते पान वाचून दाखवलं. हे मला काकूंनी सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी मिस्त्रींकडे जाणं बंद केलं आणि गाडी पूर्णपणे स्वतःच्या हातात घेतली. धूर चालूच राहिला. गावात कळायचा नाही, लांब गेलं की यायचा.

माझ्या तिसऱ्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर. काकूंचं म्हणणं होतं की आता पुरे.

"सत्तरीतला माणूस गाडीखाली झोपतो," त्या मला म्हणाल्या. "स्वयंपाक करताना माझा एक कान पोर्चमदी असतो. जॅक सटकला का बघायला. रोज. तूच सांग."

काकूंचं चुकत नव्हतं.

शेवटी दोघांत ठरलं. मुदतीच्या आत पास झाली तर काकू पुन्हा गाडीचं नाव काढणार नाहीत. नाही झाली तर भंगारात. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं, सरांच्या सहीसकट. काकूंच्या भावाने लगोलग एक भंगारवाला पाठवूनही दिला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाला, "पत्रा चांगला हाये काका. एमआयडीसीत भट्टीत गेली की दोन दिवसांत सळया. कोणाच्या तरी स्लॅबात बसंल." सरांना बरं वाटावं म्हणूनच तो बोलला असावा. सर आत गेले. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "रिटायर झालो तवा सगळ्यांनी नारळ दिला, शाल दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मांडायला काईच न्हवतं." मग गाडीकडे हात केला. "ही सापडली."

तपासणीच्या दिवशी मला शिष्यवृत्तीच्या कागदासाठी त्याच बाजूच्या कार्यालयात जायचं होतं. "सोडतो," सर म्हणाले. त्यांचा नंबर लवकरचा होता, म्हणून आधी आरटीओत गेलो. सकाळी चांगलीच थंडी होती. धूर मोजायची नळी लावली, सरांनी गाडी रेस केली, यंत्राने आकडा दाखवला. मर्यादेच्या आत. तपासणी करणाऱ्या साहेबांनी दिवे बघितले, चासीचा नंबर बघितला, हॉर्न वाजवून घेतला. साहेब तरुण होते, हसतमुख. खिशातून पेन काढून ते फॉर्मवर टेकवणार तेवढ्यात सर म्हणाले, "साहेब, एक सांगायचं राह्यलं."

"बोला काका."

"गाडी गार हाये म्हणून पास झाली. पंधरा-वीस किलोमीटर पळाली आन् चढ लागला, की काळा धूर सोडते."

साहेबांचं पेन हवेत राहिलं. "काका, तुम्ही गाडी पास करायला आलात का नापास करायला?"

"वाचन पूर्ण पायजे म्हणून सांगून राह्यलो."

मागे एक रिक्षावाला उभा होता. तो म्हणाला, "साहेब, काकाला चहा पाजा, तवर माझी बघा. माझी गारबी पास आन् गरमबी पास."

"मशीन तर पास म्हणतंय," साहेब सरांना म्हणाले.

"मशीन खोटं न्हाई बोलत. पण त्यानं अर्धंच बघितलं."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

"ते तुमी ठरवा. मी परिचर होतो. निकाल परीक्षकानं द्यायचा."

साहेब हसले. पण त्यांनी सही केली नाही. मुदत अजून दहा दिवस आहे, धूर काढून आणा, पुढच्या वेळी मी गाडी गरम करूनच बघतो, असं ते म्हणाले. माझं कागदाचं काम उरकून आम्ही परत निघालो. मला त्यांचा राग आला होता आणि राग यायला मला काही हक्क नाही असंही वाटत होतं.

घरी काकूंनी ऐकलं आणि हातातली पळी ओट्यावर आपटली. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

"मला गाडी नको हाये, ते येगळं," त्या म्हणाल्या. "पण पास झाली म्हणल्यावर गप बसता येत न्हाई का माणसाला? जिंकून हरून आले!"

"जिंकलो न्हवतो," सर म्हणाले. "थंडी होती."

पुढचे आठ दिवस सरांनी बोनट बंदच केलं नाही. फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून साफ केले, धूर तसाच. रोज संध्याकाळी ते गाडी जालन्याबाहेर चढापर्यंत नेत आणि परत येऊन वहीत एक शब्द लिहीत, "आहे." हवेचा पाइप तर त्यांनी तीनदा काढून तपासला. दोन्ही टोकांना बूच मारायचे, सायकलच्या पंपाची नळी त्या टेकऑफलाच जोडायची, निसटू नये म्हणून अंगठ्याने घट्ट दाबून धरायची, पाइप काकूंच्या कपड्याच्या टबात बुडवायचा आणि हवा भरायची. बुडबुडा येत नसे. तिन्ही वेळा आला नाही.

"टर्बोच," ते शेवटी म्हणाले. "बसवतानाच गेलाय."

नवव्या दिवशी सकाळी ते पुन्हा टबापाशी बसले. मी जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. पाणी इतकं गार होतं की ते सारखे हात बाहेर काढून काखेत धरत होते. काकू बाहेर आल्या, बघितलं, आत गेल्या आणि आंघोळीला उकळलेल्या पाण्याचं भगोनं घेऊन आल्या. "निमोनिया झाला तर गाडीतच घेऊन जावं लागंल, आन् ती चढाला मरती," असं म्हणत त्यांनी सगळं पाणी टबात ओतलं.

"अगं, हात!" सरांनी हात झटकन बाहेर काढला.

पाण्यातून वाफा निघत होत्या. हात घालणं शक्य नव्हतं. मग त्यांनी पंपाची नळी टेकऑफला तारेने बांधली, पाइपवर वरवंटा ठेवून तो पाण्याखाली दाबला आणि लांबून पंप मारला.

बुडबुडे आले. एकामागून एक, माळेसारखे, टेकऑफच्या मुळाशी.

सर बघत राहिले. त्यांनी पुन्हा पंप मारला. पुन्हा आले. मग त्यांनी दात आवळून गरम पाण्यात हात घातला आणि अंगठ्याने टेकऑफ नेहमीसारखा दाबून धरला. बुडबुडे थांबले. अंगठा काढला, आले. असं त्यांनी तीन वेळा केलं. काकू ओरडत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. तपकिरी अंगठा लाल झाला होता.

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. प्लॅस्टिक गरम झालं की सैल पडत होतं आणि हवा तिथून निसटत होती. इंजिनाला हवा कमी, म्हणून धूर. आणि दर वेळी तपासताना सरांचा अंगठाच ती जागा बंद करत होता. टर्बो नीट चालतो की नाही हे मोजण्यासाठी पाडलेलं भोक, तेच गळत होतं.

सर आत गेले, जुनी वही घेऊन आले आणि पायरीवर बसून दोन वर्षं मागे गेले. एका पानावर मापक बसवल्याची नोंद होती. पुढच्याच पानावर पहिल्यांदा धूर दिसल्याची. दोन्ही त्यांच्याच अक्षरात, दोन्हीखाली सही. त्याच्या पुढच्या पानावर मिस्त्री.

"सापडलं का?" काकूंनी विचारलं.

"सापडलं."

"मंग तोंड असं का पडलंय?"

सरांनी वही मिटून काखेत घेतली.

त्या दिवशी ते गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले आणि कंपनीचा नवा पाइप आणला, भोक नसलेला. मापक काढून जिन्याखालच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आरटीओत गेले. मी वर्गात होते, त्यामुळे पुढचं ऐकलेलं आहे. साहेब खरंच गाडीत बसले. बदनापूरच्या बाजूला लांब चक्कर झाली, चढाला त्यांनी स्वतः पाय दाबून आरशात बघितलं. मागे काही नव्हतं. "काका, काय बदललं?" त्यांनी विचारलं. "मोजायचं यंत्र काढून टाकलं," सर म्हणाले. साहेबांनी बोनटवरच फॉर्म ठेवून सही केली. काकूंनी शब्द पाळला. फक्त म्हणाल्या, "पाच वर्षं का? बरं. मला आता दोन्ही कान स्वयंपाकात ठिवता येतील असं कायतरी करा." सरांनी जॅकच्या जोडीला दोन लोखंडी स्टँड आणले.

मला वाटलं, संपलं. पण त्यानंतरच्या सकाळी मी कॉलेजला निघाले तर सर गाडी चालू करून फाटकात उभे होते. काखेत वही होती.

"अर्धा तास हाये का? मिस्त्रीकडं जायचंय. निरीक्षणाला दुसरा माणूस लागतो."

गॅरेजमध्ये मिस्त्री एका स्टुलावर बसून ट्रेमधल्या डिझेलमध्ये बेअरिंग धूत होते. दोन गिऱ्हाइकं बाकावर होती. सरांना बघून मिस्त्रींनी मान हलवली, उठले नाहीत. सरही बसले नाहीत. वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसे उभे राहिले आणि बाकावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, दोन वर्षांमागं मी इथं येऊन म्हणलो होतो की टर्बो तुमी चुकीचा बसवला. टर्बो बराबर होता. पाइपला भोक मी पाडलं होतं. धूर त्याचा होता."

मिस्त्रींचा ब्रश थांबला नाही. "मालूम है, सर."

"काय मालूम हाये?"

"झगडने आए थे ना आप. बोनट खुला था गाडी का. पाइप पे ठिबक का काला टुकडा दिखा मेरेकू. मैं उसी टाइम समझ गया."

सर एक पाऊल पुढे झाले. "मंग बोलले का न्हाई?"

मिस्त्रींनी ब्रश ट्रेच्या काठावर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आप बही लेके आए थे. सबके सामने पढके सुनाए. मैं उर्दू चौथी पढेला आदमी. बही के सामने क्या बोलता?"

माझे वडील कुठल्याही सरकारी खिडकीसमोर कागद दिसला की बोलणं अर्ध्यावर सोडतात, आपलं बरोबर असलं तरी. मला तो चेहरा माहीत होता. सरांना तो त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असावा.

त्यांनी वही उघडली, दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि गाडीच्या टपावर ठेवून बराच वेळ लिहिलं. मग वही माझ्याकडे दिली. "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. "वरील अनुमान रद्द. टर्बो योग्य बसवला होता. गळती दाबमापकाच्या छिद्रातून होती. छिद्र मी पाडले. मिस्त्रींनी हे त्याच दिवशी पाहिले होते."

"जुम्मे का दिन था," मिस्त्री म्हणाले. "वो बी लिखो."

सरांनी 'त्याच दिवशी'च्या पुढे शुक्रवार लिहिलं. मग वही आणि पेन मिस्त्रींपुढे धरलं. "सही करा. निरीक्षण तुमचं हाये."

मिस्त्रींनी फडक्याला बोटं पुसली तरी कागदावर तेलाचा डाग पडलाच. त्यांनी सावकाश, उजवीकडून डावीकडे, उर्दूत सही केली. सर वाकून ते अक्षर बघत राहिले.

"हे काय लिहिलं?"

"नाम है मेरा."

एवढ्या वर्षांच्या वह्यांत सगळीकडे नुसतं मिस्त्रीच लिहिलेलं होतं. सरांनी चष्मा वर केला, पेन परत घेतलं आणि म्हणाले, "सांगा." सहीच्या खाली मराठीत, एकेक अक्षर विचारत, त्यांनी ते लिहून घेतलं.